तालुक्याबाहेरचं गिऱ्हाईक

पाथर्डीत हॉटेलात जेवायला अक्कल लागत नाही, भूक पुरते. आत शिरायचं, रिकामी खुर्ची दिसेल तिथं बसायचं. नीट टेकायच्या आत पोऱ्या पाणी आणतो. पोऱ्या म्हणजे चाळिशीतला, स्वतःची दोन पोरं शाळेत असलेला गृहस्थ. पण हॉटेलात तो पोऱ्याच. एका हातात चार ग्लास, चार बोटं चार ग्लासांत बुडालेली. कुणी हरकत घेत नाही, कारण पाणी वेळेवर आलेलं असतं. रस्सा संपला की वाटी नुसती वर करायची. कांदा-लिंबू न मागता येतं आणि त्याचा हिशोब नसतो. जेवण झालं की हात धुऊन आपणच गल्ल्याकडे निघायचं, तेवढ्यात मागून आरोळी येते, "दोन माणसं, एकशे साठ!" बिल ही आमच्याकडे ऐकायची गोष्ट आहे, वाचायची नव्हे.

शिवाय पाथर्डीच्या माणसाची सेवेची कल्पना हॉटेलात नव्हे, पंगतीत तयार होते. भगवानगडाचा नारळी सप्ताह असो की गल्लीतला भंडारा, वाढपी बादली घेऊन येतो आणि आपण "नको, नको" म्हणत पत्रावळीवर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून आमटी सोडून पुढे जातो. नको म्हटलेलंही ताटात पडणं, ही आमची सेवा. मागितलेलंसुद्धा मिळत नाही असं ठिकाण जगात असेल, अशी शंका मला कधी आली नव्हती.

त्यात मी नागरिकशास्त्राचा मास्तर. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाचं भाषण शाळेत माझ्याकडेच असायचं. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याआधी १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पुढे २०१९ चा नवा कायदा आला. हे सगळं मी टेबलावर मूठ आपटत सांगत असे. नुसतं भाषण नाही, आचरणही. एका ढाब्यावर थंड पेयाच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त लावले, तर मी मालकाला कलमं ऐकवून ते दोन रुपये परत घेतले होते. मालकाचा मुलगा तेव्हा माझ्या वर्गात होता. हा बारीक तपशील मी भाषणात घेत नसे.

निवृत्तीनंतर मोहटादेवीचं दर्शन घेऊन आम्ही युरोपला निघालो. सौभाग्यवती, मी आणि शेवगावचे मेव्हणे. सहल कंपनीची होती, त्यामुळे रात्री कुठल्याही देशात पनीरची भाजी आणि जिरा राईस ठरलेला. फक्त व्हेनिसमध्ये दुपारचं जेवण ज्याचं त्यानं करायचं होतं. बाकीच्या मंडळींनी बॅगेतून ठेपले काढले. मी म्हणालो, "इटलीत येऊन ठेपले काय खायचे? आपण हॉटेलात बसू." या वाक्याची किंमत पुढे युरोत आली.

व्हेनिस म्हणजे पाण्यात उभं असलेलं गाव. शंभराहून जास्त बेटं, रस्त्यांच्या जागी कालवे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात हयात गेलेला आमच्या तालुक्यातला माणूस तिथं उभा राहिला की त्याला आधी भरून येतं आणि मग हे सगळं खारं आहे हे कळतं. गावात दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी किमान पाच युरो प्रवेश शुल्कही घेतात. मेव्हणे म्हणाले, "दाजी, गावात पाऊल टाकायचेच पाच युरो, तर जेवायचं नक्की परवडंल ना?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

आधी सेंट मार्कच्या चौकात कॉफी प्यायचं ठरलं. वाद्यवृंद वाजत होता, खुर्च्या मांडल्या होत्या. सुदैवाने बसण्याआधी सौ.नी पाटी बघितली. तिथल्या जुन्या कॅफेंत वाद्यं वाजत असतील तर त्याचे माणशी वेगळे पैसे पडतात. मेव्हणे म्हणाले, "आपण बँडवाल्याला पैसे देतो, पण तो आपल्या लग्नात वाजवतो तेव्हा." आम्ही एका गल्लीत उभ्या उभ्या कॉफी घेतली. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभं राहून घेतली तर दीड युरोच्या आसपास पडते. टेबलाशी बसलं की खुर्चीचंही मोल त्यात येतं. इथवर आमचं बरं चाललं होतं.

तीन वाजता भूक लागली. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर राहणाऱ्या माणसाला जेवणाची वेळ म्हणजे भूक लागेल ती वेळ. पण इटलीतली चांगली हॉटेलं दुपारी अडीच-तीनला चूल बंद करतात ती संध्याकाळी सातच्या सुमारास पेटवतात. मधल्या वेळात उघडी राहतात ती बहुतेक आमच्यासारख्यांसाठी. अशाच एका हॉटेलाच्या दारात पदार्थांच्या फोटोंची मोठी पाटी होती आणि तिच्याशेजारी उभा माणूस "नमस्ते, इंडिया!" म्हणत होता. इतक्या लांब कुणीतरी ओळख दाखवली याचाच मला आनंद झाला.

मी सवयीनं कालव्याकाठचं रिकामं टेबल धरलं. वेटर आला, हातानंच उठवलं आणि आत, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी बसवलं. नंतर तो नाहीसा झाला. पाणी नाही. मी बोट वर केलं. हात वर केला. मग ज्या आवाजानं मी चाळीस पोरांचा वर्ग गप्प करायचो त्या आवाजात "ओ भाऊ!" म्हटलं. सगळं हॉटेल वळलं, फक्त वेटर वळला नाही. शेवटचा उपाय म्हणून मी "शुक् शुक्" केलं, तेव्हा शेजारच्या टेबलाखालचं कुत्रं उठून माझ्याकडे आलं.

यथावकाश वेटर आला. पाण्याचं काहीतरी दोन प्रकारांत विचारलं. दोन्हीही न कळल्यामुळे मी दुसऱ्याला मान डोलावली. बुडबुड्यांची बाटली आली. सौ. एक घोट घेऊन म्हणाल्या, "अहो, हा सोडा आहे. मला पित्त झालंय हे त्याला कुणी सांगितलं?" मग साध्या पाण्याची दुसरी बाटली मागवली. पावाची टोपली मात्र न मागता आली. न मागता येतं ते फुकट, या पाथर्डीच्या नियमानं आम्ही ती संपवली.

मेव्हण्यांना आणि मला मार्गारिटा पिझ्झा, सौ.ना तिखट लाल रश्श्यातला पास्ता, अशी ऑर्डर होती. पिझ्झे आले. सौ.च्या पुढ्यात मात्र शिंपल्यांची रास असलेली शेवयांची बशी आली. माळकरी घरातली बाई. तिनं पदर नाकाला लावला. मेव्हणे बशीत वाकून म्हणाले, "दाजी, ह्यातला एकजण अजून तोंड उघडून बघतोय." वेटरनं खांदे उडवले, बशी नेली आणि पास्ता आणायला बहुधा दुसऱ्या बेटावर गेला. आमचे पिझ्झे गार झाले. सौ.नी पिशवीतून ठेच्याची डबी काढली, आणि जो वेटर एवढा वेळ बोटाला, आरोळीला, शुकशुकीला दाद देत नव्हता तो क्षणात टेबलाशी उभा! बाहेरचं खाणं चालणार नाही. ही पाटी पाथर्डीतही असते. आम्ही तिच्याखाली बसून घरचं लोणचं खातो.

जेवण झालं. आता बिलाची वाट. कुणी येईना. मला वाटलं, असेल इथंही तीच पद्धत; उठलो, खिशात हात घातला आणि गल्ला शोधत दाराकडे निघालो. वेटर दारात आडवा. मागून आरोळी येण्याऐवजी समोरून हाताची घडी आली. पैसे बुडवून पळणारा मास्तर असं दृश्य दोन-तीन पाहुण्यांनी मोबाईलमध्ये टिपलं.

परत जागेवर बसल्यावर बिल आलं. दोन पिझ्झे २६ युरो. पास्ता १४. पाण्याच्या दोन बाटल्या १०. 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाशी बसून पावाला हात लावण्याचे, माणशी ४ प्रमाणे १२. आणि परत पाठवलेल्या शिंपल्यांचे २२. वर बारा टक्के सेवाशुल्क, १०.०८. एकूण ९४.०८ युरो. नव्वदनं गुणलं तर साडेआठ हजारांच्या आसपास. ज्या पदार्थाकडे सौ.नी डोळे उघडून पाहिलंही नव्हतं त्याच्यावरही सेवाशुल्क लागलं होतं.

मी उठलो. सौ. आणि मेव्हणे आशेनं पाहू लागले. इतक्या वर्षांचे चोवीस डिसेंबर माझ्या घशाशी आले. वेटर जवळ आला, त्यानं भुवया उंचावल्या, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "थँक्यू, व्हेरी गुड फूड." एवढ्यावर न थांबता मी शंभराची नोट ठेवून उरलेले त्यालाच ठेवायला सांगितले. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. त्या हॉटेलातून बाहेर पडताना मला त्याच बाजारातून विकला जाऊन निघाल्यासारखं वाटलं, आणि वर सहा युरो मीच घातले होते.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुतण्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, "काका, तिकडं वेटरचा पगार ठरलेला असतो, तो बक्षिसीवर जगत नाही. आणि न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. अमेरिकेत उलट. बक्षिसी मिळवणाऱ्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर, १९९१ पासून तेवढंच. म्हणून तो दर पाच मिनिटांनी तुमची खुशाली विचारतो." म्हणजे बिल न आणून वेटर माझा मानच राखत होता. पण शिंपल्यांचे बावीस युरो लावणं कुठल्या चालीरीतीत बसतं, हे पुतण्यालाही सांगता आलं नाही.

परतीच्या प्रवासात मात्र माझी जीभ हळूहळू मोकळी झाली. नगरच्या स्टँडवर ओळखीचे एक जण भेटले, त्यांना मी सांगितलं की वेटरला चार शब्द सुनावले. करंजी घाट चढेपर्यंत मी मॅनेजरलाही बोलावून घेतलं होतं. तिसगावला शिंपल्यांचे बावीस युरो बिलातून कापले गेले. पाथर्डीत उतरलो तेव्हा सगळं बिल माफ झालं होतं आणि मालकानं दारापर्यंत येऊन माफी मागितली होती. गावात दोन दिवस मला चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिलाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "दाजींनी माफ करून घेतलेलं बिल."

त्या डिसेंबरला शाळेनं पुन्हा भाषणाला बोलावलं, आणि एका मुलीनं उठून विचारलं, "सर, परदेशात असं झालं तर तक्रार कुठं करायची?" फोटो शाळेपर्यंत पोचला होता. पण यावेळी उत्तर तयार होतं, कारण घरी आल्यावर मी शिंपल्यांच्या रागानं वाचलं होतं. इटलीत कोपेर्तो आणि सेवाशुल्क मेन्यूवर छापलेलं असावं लागतं. ते बसण्याआधी वाचायचं. बिल तपशीलवार मागायचं. पावत्या-करांवर लक्ष ठेवणारं तिथलं एक पोलीसदल आहे, ग्वार्दिया दी फिनांझा, फोन ११७. २०१८ च्या जानेवारीत व्हेनिसमध्येच चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचं अकराशे युरोंहून जास्त बिल लागलं. त्यांनीही तिथं मुकाट्यानं पैसे भरले, पण पुढे पोलिसांत तक्रार केली, आणि तपासणीनंतर हॉटेलाला दंड झाला. तक्रार करायची तर भाषणात नाही, तक्रारीच्या जागी करायची, हे त्या पोरांना कळलं. मला ते निवृत्तीनंतर कळलं.

तेव्हा वाचकहो, गिऱ्हाइकाचा रुबाब ओळखीवर चालतो आणि ओळख तालुक्याच्या हद्दीवर संपते. व्हेनिसला गेलात तर रिकामी बाटली जवळ ठेवा. गावात पिण्याच्या पाण्याचे शंभराहून जास्त सार्वजनिक नळ आहेत आणि पाणी फुकट आहे. आणि आपल्या देशात हॉटेलनं सेवाशुल्क परस्पर लावलं तर ते देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसं बजावलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ऐकत नसतील तर १९१५ वर फोन करा. पण देश कुठलाही असो, बिलावर न खाल्लेला पदार्थ दिसला की उठण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवा. बोटाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं.