कार्ताहेनाचा भाट

रापेरो, म्हणजे रस्त्यावर रॅप गाणारा, कधी एकटा नसतो. जोडी असते. एकाच्या गळ्यात स्पीकर, दुसऱ्याच्या गळ्यात आवाज. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कार्ताहेना शहर आहे. तिथल्या जुन्या तटबंदीच्या आत, कुठल्याही चौकात तुम्ही खुर्चीला पाठ टेकलीत की मागवलेलं नारळ-लिंबाचं सरबत यायच्या आधी ही जोडी हजर होते.

या गावात पर्यटकाला काहीतरी विकणाऱ्यांना तोटा नाही. टोपीवाला, गॉगलवाला, पाचूवाला, बेटांवर नेणारा बोटवाला. भडक रंगांचे झगे घालून, डोक्यावर फळांची परात घेतलेल्या पालेंकेरा बायका मात्र आपल्या जागी मानाने उभ्या असतात. फोटो काढा, पैसे द्या, विषय संपला. पळून आलेल्या गुलामांनी वसवलेल्या सान बासिलियो दे पालेंके गावच्या लेकी त्या, कुणाच्या मागे कशाला धावतील? बाकीच्यांना ‘नो, ग्रासियास’ म्हणून हात हलवला की आज ना उद्या सुटका होते. टोपी नको म्हणता येते. रापेरो विकतो ती तुमची स्वतःची स्तुती. ती नको म्हणायला माणूस संतच असावा लागतो, आणि संत सहसा कॅरिबियनला सुट्टीवर येत नाहीत.

तो आधी शिंप्यासारखं नजरेनेच माप घेतो. बूट, घड्याळ, पोटाचा घेर, शेजारची बाई बायको आहे की अजून व्हायची आहे, सगळं. मग विचारतो, कुठले? ‘इंडिया’ म्हणालात की दुसऱ्या ओळीत तुम्ही शाहरुख खान. टक्कल असलं तरी शाहरुख खानच, फक्त यमक बदलतं. बायको राणी होते. सोबत सासूबाई असल्या तर त्या राणीची धाकटी बहीण होतात, आणि मग जावयाला पाकीट काढावंच लागतं.

स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही. पोटावर यमक जुळलं की शेजारच्या टेबलावरचे लोक हसून ते तुमच्यापर्यंत पोचवतात.

हे शीघ्रकवित्व अस्सल किती? पहिली चार कडवी पाठ असावीत असा माझा संशय आहे, कारण पलीकडच्या टेबलावरही एक राणी नुकतीच होऊन गेलेली असते. पण मधेच वेटरच्या हातून ग्लास पडला तर तो फुटलेला ग्लास पुढच्याच ओळीत, तालात, यमकासकट येतो. ते पाठांतर नव्हे. त्या ग्लासाला मी मनापासून दाद देतो. छापील कवींपैकी कितीतरी जणांना समोर पडलेला ग्लास दिसतही नाही.

सांतो दोमिंगो चौकात बोतेरोने घडवलेली ब्राँझची लठ्ठ बाई आडवी पहुडली आहे. तिला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. त्यामुळे लोकांचे हात जिथे जिथे लागतात तिथे ती लखलखते. एवढा ऐवज समोर असून रापेरो तिच्यावर एक ओळ रचत नाही. तिला खिसा नाही.

मग टोपी उताणी होते. नोट पडली तर दौलतजादा झाल्यासारखा जयजयकार. नाही पडली तर ठेका तोच, चाल तीच, फक्त शाहरुख खान कंजूष निघतो. आणि ते पुढच्या टेबलाला नीट ऐकू जाईल असं म्हटलं जातं.

खोट्या स्तुतीचा या गावाला जुना अनुभव आहे. १७४१ साली इंग्रज ॲडमिरल व्हर्नन भलंमोठं आरमार घेऊन कार्ताहेनावर चालून आला. शहर हाती लागायच्या आतच तिकडे इंग्लंडात विजयाची पदकं पाडून झाली. त्यांवर स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकतोय! लेसोला पाय एक, डोळा एक आणि धड हातही एकच. तेवढ्यानिशी त्याने व्हर्ननला हात हलवत परत पाठवलं. त्याचा पुतळा आज सान फेलिपे किल्ल्यासमोर उभा आहे. रापेरो निदान तुम्हाला समोर बघून गातो आणि पैसे नंतर मागतो. मला हा व्यवहार पदकवाल्यांपेक्षा सचोटीचा वाटतो.

तेव्हा जाणार असाल तर पाच हजार पेसोच्या नोटा सुट्या करून ठेवा. आकडा ऐकून घाबरू नका, डॉलर-सव्वा डॉलरचा मामला आहे. त्या नोटेवर होसे आसुन्सिओन सिल्वा या कवीचं चित्र आहे, म्हणजे बिदागी म्हणूनही ती शोभते. पन्नास हजारांच्या नोटेवर गार्सिया मार्केझ आहेत, १९४८ साली याच गावच्या वर्तमानपत्रात लिहू लागलेले. ती नोट मात्र बाहेर काढू नका. रापेरोकडे सगळी यमकं असतात, सुटे पैसे नसतात.