दोष माइकचा

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांची एक अढळ श्रद्धा असते: दोष माइकचा असतो. म्हणून आधी दोन हजारांचा माइक येतो, मग वीस हजारांचा. महागडा माइक नेमका फितूर निघतो. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि पंचमापर्यंत न पोचलेला आपला पंचम, सगळं इमानेइतबारे टिपतो.

बऱ्याचदा आवाज बिघडवते ती खोली. उघड्या भिंती आणि फरशीवर आपटून तो पुन्हा माइकमध्ये शिरतो. पाठीमागे जाड गोधडी टांगावी, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून समोर गावं. माइक वीतभर लांब, किंचित तिरका ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. पण यात खर्च शून्य, म्हणून प्रतिष्ठाही शून्य!

त्यापेक्षा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, सोपा. तो इतका ओततात की हॉलमधलं भावगीत वेरूळच्या लेण्यातून आल्यासारखं वाटतं.

त्यातूनही सूर डोकावलाच नाही, तर सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून. त्याचे जनक अँडी हिल्डब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करायचे; १९९७ मध्ये हे सॉफ्टवेअर आलं. जमिनीखालचं तेल शोधणारी विद्या गळ्यातला सूर शोधू लागली. (तेल निदान कुठेतरी असायचं.) ऑटोट्यूनला सरसकट मोकळं सोडलं, तर दरबारी रागातला झुलता, आंदोलित गांधारही त्याला चूक वाटतो, आणि ते गांधाराला कडक इस्त्री करून देतं. गायक खूश: "बघा, आता कसा स्वच्छ लागलाय!"