टाकाऊपासून रेनकोट: पालकांसाठी मार्गदर्शिका

स्पर्धा मुलांची असली तरी ही मार्गदर्शिका पालकांसाठी आहे. ‘घरगुती वस्तूंपासून पावसाळी पोशाख तयार करणे’ ही सूचना पाल्याला आदल्या रात्री साडेनऊला आठवते. आठवण करून देताच त्याचे काम संपते. त्याला झोपू द्यावे.

साहित्य म्हणून दुधाच्या पिशव्या सर्वोत्तम. 2018च्या प्लास्टिकबंदीतूनही त्या सुटल्या. मात्र धुऊन, ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवलेला हा साठा आजीच्या ताब्यात असतो आणि भंगारवाल्याला आधीच कबूल झालेला असतो. वाटाघाटींसाठी अर्धा तास राखून ठेवावा.

आता जोडणी. सुई-दोऱ्याला हात लावू नये. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून 1823 साली जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि पाणी नेमके टाक्यांच्या भोकांतून आत शिरले. म्हणून पिशव्यांच्या कडा एकमेकींवर ठेवाव्यात, वर-खाली वर्तमानपत्र घालावे आणि कोमट इस्त्री फिरवावी. कडा वितळून चिकटतात. वर्तमानपत्र सरकले तर इस्त्रीलाही चिकटतात. तळ कोणी खरवडला याची नोंद प्रकल्पवहीत करू नये. कौले रचतात तशी वरची पिशवी खालच्या पिशवीवर यावी. उलट रचल्यास पोशाखात पाणी साठते, आणि जलसंधारणाची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.

माप घेताना बहुतेक पालक फसतात, कारण ते नुसत्या मुलाचे माप घेतात. शाळेत जाते ते मूल अधिक दप्तर. मूल भिजले तर टॉवेल आहे. गणिताची वही भिजली तर ती पुन्हा कोणाला उतरवून काढावी लागते, हे सांगायला नको. तेव्हा पाठीवर दप्तर चढवून, मूल झोपेत असल्यास उशी बांधून, माप घ्यावे. ही अक्कल कोकणातल्या इरल्यात आधीपासून आहे. बांबूच्या कामट्यांच्या विणीत झाडाची पाने दाबून केलेले इरले डोक्यावरून थेट कमरेपर्यंत येते. भातलावणीत माणूस वाकलेला असतो, पाऊस पाठीवर पडतो आणि दोन्ही हात रोपांत गुंतलेले असतात, हे ओळखूनच त्याचा आकार ठरला. ते करणाऱ्याला कोणी ‘डिझाइन’ शिकवले नव्हते, म्हणून असेल.

पुढची अडचण आतली. दुधाच्या पिशवीतून बाहेरचे पाणी आत येत नाही, तशी आतली वाफही बाहेर जात नाही. जुलैच्या दमट हवेत मूल धावले की घामाने भिजते आणि पोशाख निर्दोष असूनही शर्ट ओला निघतो. काखेखाली भोके पाडावीत, पाठीवर एक झाप सोडावी. परीक्षकांनी विचारले तर ‘वायुवीजन’ म्हणावे. भोके म्हटल्यास गुण जातात.

चाचणी बाथरूममध्ये झारीने घ्यावी. आत शाईने लिहिलेला कागद ठेवावा. अक्षर फुटले की गळती कुठे आहे ते कळते. फक्त वरून पाणी ओतून समाधान मानू नये, घाटावर आणि किनारपट्टीवर पाऊस आडवाही येतो. टोपीच्या कडेवरून ओघळणारी धार मानेत जाते की बाहेर, हे रात्रीच तपासावे.

स्पर्धेत एखादे मूल खताचे रिकामे पोते घेऊन येईल, एक कोपरा दुसऱ्यात खोचून क्षणात खोळ करील आणि डोक्यावर घेऊन उभे राहील. दप्तर झाकलेले, हात मोकळे, हवा खेळती. घाबरू नये. त्याला ‘नावीन्य’ या रकान्यात शून्य मिळते. आपल्या पोशाखावर टिकल्या आणि सोनेरी कागद भरपूर लावावा, बक्षीस तिथेच आहे. फक्त प्रमाणपत्र घरी आणताना या पोशाखाखाली धरू नये, छत्री न्यावी.