माझ्या डाव्या कानास अनावृत पत्र

चिरंजीव डाव्या कानास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला तोंडी समज देण्यात अर्थ उरला नाही, हे गेल्या दोन वर्षांत पुरते सिद्ध झाले असल्यामुळे आणि खासगी पत्र वाचण्याचा अधिकार डोळ्यांकडे असल्यामुळे, हा मजकूर चारचौघांसमोर मांडण्याची पाळी तू मजवर आणली आहेस.

महसूल दप्तरात तीस वर्षे ज्याने सातबाऱ्याच्या उताऱ्याशिवाय कोणाचा अर्ज टेबलाला टेकू दिला नाही, त्या मी अमरावतीच्या एका सवलत-विक्रीत, एकही दाखला न मागता, रोख अठरा हजार मोजून तुझ्यासाठी यंत्र घेतले, यात वात्सल्याखेरीज काय होते? परीक्षाही यथासांग झाली : विक्रेत्याने समोर उभे राहून "काका, आता येते ना ऐकू?" असे विचारले, आणि त्याच्या ओठांकडे पाहत मी "येते" म्हणालो. घरी येताच मात्र यंत्र शिट्ट्या मारू लागले.

सबब तुला अकोल्यास, एका कानतज्ज्ञापुढे रुजू करावे लागले. त्याने नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवला, तेव्हा नाद स्पष्ट आला. तोच कानासमोर धरला, तेव्हा विरला. म्हणजे तंटा वाटेतच होता. ज्या अमरावती-अकोला मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरांचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला, त्याच मार्गाने आलेल्या माझ्या कानाची इंचभर वाट मळाच्या खड्याने दोन वर्षे बंद होती!

खडा निघाल्यावरही श्रवणालेखात तुझी थोडी उणीव उरलीच. आणि ती एकट्या तुझीच असल्याने चक्कर, स्राव, एकाएकी आलेला बहिरेपणा यांची जबानी झाली, कारण एकाच कानाच्या बहिरेपणामागे क्वचित मज्जातंतूवरील गाठही दडलेली असते, आणि यंत्र आवाज वाढवते, कारण सांगत नाही.

म्हणूनच अमेरिकेत १९७७ पासून यंत्रापूर्वी सहा महिन्यांच्या आतील वैद्यकीय तपासणीचा नियम होता, पण प्रौढास सही करून ती टाळता येई; ऑक्टोबर २०२२ पासून तर सौम्य ते मध्यम बहिरेपणाची यंत्रे प्रौढांना थेट दुकानात मिळू लागली. आपल्याकडे दिव्यांगांच्या सरकारी योजनेतून यंत्र मागणाऱ्याने ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला जोडावा, २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी दाखवावी. रोख मोजणाऱ्याचा मात्र खिसा तेवढा तपासला जातो. त्यातून माझा उजवा कान शाबूत, म्हणजे दाखल्याच्या कामी तो तुझ्याविरुद्ध फितूर साक्षीदार.

आता कबुली. खाज, गुणगुण आणि दडा या रूपांनी तू तीन अर्ज रीतसर गुदरले होतेस; त्या प्रत्येकावर, सवयीने, न वाचताच "दप्तरी दाखल" असा शेरा मीच मारला. यंत्र खणात आहे, पुढील तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अर्जदार