मागील दिव्याच्या लहरीपणाविषयी विवेचन

बर्मिंगहॅम, मार्गशीर्ष

तीर्थरूप आप्पा, मुक्काम म्हसळा, यांच्या सेवेशी परदेशस्थ चिरंजीवांचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

जुन्या मोटारीचा मागील दिवा, ज्यास सर्व वायरमन टेललाईट म्हणतात, तो कायमचा बंद पडला असता दुरुस्तीस सोपा असतो. परंतु तो मनास येईल तेव्हा लागत व मनास येईल तेव्हा विझत असेल, तर बंद दिव्याहून अधिक घातक ठरतो, कारण घोणसे घाटात मागून येणाऱ्या एस.टी.च्या चालकास तो कोणत्या वळणावर दिसेल, हे खुद्द गाडीच्या मालकालाही सांगता येत नाही. आप्पांच्या १९९८ सालच्या पांढऱ्या छोट्या मोटारीच्या डाव्या टेललाईटला हाच विकार जडला आहे. गाडीच्या कंपनीचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, कारण पाव शतकाहून अधिक पावसाळे उघड्यावर काढल्यानंतर दोष कंपनीकडे उरत नाही. याविषयी फोनवर पाठवलेला दीड मिनिटाचा ध्वनिसंदेश "वाक्ये अपुरी, संज्ञा अस्पष्ट, पुन्हा लिहिणे" या शेऱ्यानिशी परत आला; सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरी हे अपेक्षितच असल्याने प्रस्तुत विवेचन ग्रंथपद्धतीने केले आहे.

तीन महिन्यांत तीन बल्ब बदलले गेले, प्रत्येक वेळी दिवा लागला, आणि म्हणून प्रत्येक वेळी दोष जुन्या बल्बाचाच होता, असा निष्कर्ष काढण्यात आला. यास काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानेच तोडली असे समजण्याचा हा प्रकार होय. वस्तुतः बल्ब काढताना व बसवताना होल्डर, म्हणजे बल्ब ज्यात बसतो ती धातूची वाटी, हलतो, आतील गंजाचा पापुद्रा खरवडला जातो, आणि दिवा आठवडाभर शहाण्यासारखा वागतो. डिकी आपटली की दिवा लागतो, हे आईचे निरीक्षण म्हणूनच तिन्ही बल्बांच्या किमतीहून मोलाचे असून, ते त्या वेळी "तू मध्ये बोलू नकोस" या सबबीखाली दुर्लक्षिले गेले, याची नोंद करणे उचित होय. काढलेले बल्ब अद्याप घरात असतील तर ते उजेडात धरून पाहावेत. आतील तारा अखंड असतील आणि काच काळवंडलेली नसेल, तर ते बहुधा निर्दोष असून जपून ठेवण्यास योग्य आहेत.

हा बल्ब दोन तारांचा असतो. ५ वॅटची बारीक तार टेललाईटसाठी जळते आणि २१ वॅटची जाड तार ब्रेक दाबताच पेटते. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या बुडख्यावरील दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. दोन्ही तारांस वीज वेगवेगळ्या वायरींनी पोचते, परंतु परतीची वाट दोहोंना मिळून एकच असते, आणि प्रस्तुत प्रकरणाचे मर्म तेथे आहे. बॅटरीच्या ऋण टोकाकडे वीज परत नेण्यासाठी मोटारीत स्वतंत्र लांब वायर टाकत नाहीत. होल्डरपासून निघालेली एक आखूड, बहुधा काळी वायर जवळच्या पत्र्यास स्क्रूने जखडतात व पुढील प्रवास गाडीच्या सांगाड्यातून होतो. या जोडास मिस्त्री मंडळी 'अर्थ' म्हणतात. येथे अर्थ म्हणजे आशय नव्हे किंवा धनही नव्हे. तथापि तो नाहीसा झाल्यावर जे घडते त्यास अनर्थ म्हणणे व्याकरणदृष्ट्याही निर्दोष ठरावे.

तो नाहीसा का झाला, हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात फणसाची फांदी गाडीच्या मागील अंगावर पडून दिव्याचे लाल आवरण तडकले, आणि ते आजतागायत चिकटपट्टीने सांधलेले आहे. (या वेळी फांदी खरोखरच तुटली होती, कावळा मात्र निर्दोष होता.) त्या फटीतून गेली काही वर्षे म्हसळ्याचा पाऊस आणि खाडीवरचा खारा वारा आत जात असून, खारे पाणी, पितळ व पत्रा एकत्र येतात तेथे गंज लवकर धरतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते तसा हा होल्डर कळकला आहे, असे म्हटल्यास आईला अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

अर्थ तुटल्याची खूण विलक्षण असते. टेललाईट लागलेला असताना ब्रेक दाबल्यावर डावा दिवा उजळण्याऐवजी विझतो, कारण परतीची वाट बंद असल्याने २१ वॅटच्या तारेतून आलेली वीज ५ वॅटच्या तारेच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहते, आणि दोन्ही टोकांना सारखाच दाब असल्यावर तारेतून वीज वाहण्याचे कारणच उरत नाही. अर्थ पुरता न तुटता केवळ गंजला असेल, तर गोंधळ अधिक फसवा होतो. १२ व्होल्टवर ५ वॅटच्या तापलेल्या तारेचा रोध, म्हणजे विजेस होणारा अडथळा, सुमारे २९ ओहम असतो आणि २१ वॅटच्या तारेचा सुमारे ७. मध्ये गंजाचे ५ ओहम आले, तर एकट्या टेललाईटचा दाब ढोबळमानाने सातवा हिस्सा घटतो व ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ब्रेकलाईटचा दाब चाळीस टक्क्यांनी घसरतो आणि तो लागला की नाही यावर शेजाऱ्यांत मतभेद होतात.

परीक्षा करण्यास हातभर वायर पुरेशी आहे. दिवा विझलेला असताना तिचे एक टोक होल्डरच्या बाहेरील धातूस व दुसरे खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यास टेकवावे. दिवा तत्काळ स्थिर लागला तर बल्ब, फ्यूज आणि वायरमन या तिघांचीही निर्दोष मुक्तता होते. त्यानंतर अर्थचा स्क्रू काढून खालचा रंग व गंज पॉलिश पेपरने उतरवावा, वायरीचे कडे साफ करून घट्ट आवळावे व वरून वॅसलीन फासावे. होल्डरच्या तळातील दबलेली पत्ती किंचित वर उचलावी. बल्बाच्या बुडख्यास सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा शेजारचा उपाय मात्र करू नये, कारण ती सरकली की फ्यूज जातो. आवरण नवे घ्यावे, हे सांगणे न लगे. २०२८ साली गाडीची नोंदणी पुन्हा नूतनीकरणास जाईल, आणि चिकटपट्टीविषयी अधिकाऱ्यांची मते आप्पांसारखी उदार असतीलच असे नाही.

बर्मिंगहॅममधील परिस्थिती याहून गौरवास्पद नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटारीस दरवर्षी एमओटी नावाची, १९६० साली सुरू झालेली तपासणी द्यावी लागते, आणि अभियंता म्हणवणाऱ्या चिरंजीवांची मोटार यंदा याच दिव्यापायी नापास झाली. येथेही प्रथम बल्बच बदलला गेला, तोही दोनदा, यावरून कावळा सर्वदेशीय असल्याचे दिसते. म्हसळ्यास जे मीठ वारा फुकट आणून देतो, ते येथे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून खाणीतून काढून मुद्दाम पसरतात, आणि पत्रा दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने गंजतो.

समई जशी चिंचेने लखलखते तसा होल्डरही चिंचेने घासावा, ही आईची सूचना रसायनशास्त्रास धरून आहे, कारण चिंचेतील आम्ल पितळेवरील थर विरघळवते. मात्र मीठ न घालता, नंतर साध्या पाण्याने धुऊन व उन्हात पूर्ण वाळवून मगच तो बसवावा, अन्यथा उरलेला आंबटपणाच त्यास पुन्हा खाईल.

पुढील तपासणी रविवारी म्हसळ्याच्या रात्री आठ वाजता, म्हणजे येथील दुपारी अडीच वाजता, व्हिडिओ कॉलवर करण्याचे योजिले आहे. त्या वेळी ब्रेक आईने दाबावा व दिवा आप्पांनी पाहावा. मागील खेपेस उलट व्यवस्था केली असता दिवा लागला की नाही, हे अखेरपर्यंत कळले नाही, मात्र बंपर किती दिवसांत पुसलेला नाही याची संपूर्ण माहिती मिळाली. कळावे, लोभ असावा.

ता. क. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे असावा. गेल्या वेळी वीस मिनिटे आप्पांचा कान दिसत होता.