गोंदियाची पार्टी

बालाघाटात घर विकायचा विचार तुमच्या मनात येतो, तेव्हा तो प्रॉपर्टीवाल्या भाऊंच्या मनात येऊन बरेच दिवस झालेले असतात. हनुमान चौकातल्या पानठेल्यावर खर्रा चोळत उभं राहायचं आणि गावाची कुंडली मांडायची, हे त्यांचं सकाळचं ऑफिस. कोणाकडे तेरवी झाली, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला चिकटला, कोणाच्या आईला लेकीने नागपूरला नेलं, कोणाच्या घरावरचे कवेलू यंदा पावसाळ्याआधी कोणी फेरलेच नाहीत, हे सगळं त्यांना पाठ. तेरवीच्या पंगतीला ते न बोलावता येतात, वाढायला मदत करतात, डोळे पुसतात आणि निघताना घराची दर्शनी बाजू पावलांनी मोजून जातात.

मग एक दिवस आपण संकोचत विषय काढतो. भाऊ खर्रा थुंकून येतात आणि छातीवर हात ठेवतात. "काय म्हणता काकाजी! असं लक्ष्मीचं घर! विकू नका जी." हे ते प्रत्येक घराला म्हणतात. तिसऱ्या मिनिटाला टेपचं एक टोक काकूंच्या हातात आणि दुसरं भाऊंच्या हातात असतं.

भाऊंचं वय पन्नाशीच्या आसपास, आणि वीस वर्षांपूर्वीही तेवढंच होतं. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, दोन खिशांत दोन फोन, काखेत रेक्झिनची फाईल. फाईलीत दुसऱ्यांच्या रजिस्ट्र्यांच्या झेरॉक्स असतात. आपली दिली की तीही तिथे जाऊन बसते आणि आठवड्याभरात वारासिवनी-कटंगीपर्यंत फिरून येते. भाषा तीन: पटवाऱ्याशी हिंदी, शेतकऱ्याशी पोवारी, आपल्याशी मराठी. आकडा सांगायची वेळ आली की मात्र तिन्ही बंद. तेव्हा नुसती बोटं.

त्यांचं कसब पाहायचं तर एकाच घराचं त्यांनी केलेलं वर्णन दोनदा ऐकावं. विकणाऱ्याला: "वैनगंगा फार जवळ पडते काकाजी. भीमगड धरणाचं पाणी सोडलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. २०२० च्या ऑगस्टातला पूर कोणी विसरलं नाही." घेणाऱ्याला: "वैनगंगेची हवा आहे साहेब, उन्हाळ्यात कूलर बंद करून झोपाल." विकणाऱ्याला: "छोटी लाइन गेली, ब्रॉडगेज आली. आता माणूस गोंदियाहून येऊन काम करून परत जाते. इथं घर घेऊन राहीन कोण?" घेणाऱ्याला: "गोंदिया-जबलपूर ब्रॉडगेज झाली साहेब! बालाघाट आता मेन लाइनवर आहे." दोन्ही वेळा आवाजात तोच जिव्हाळा. यात खोटं एकही नाही, हे लक्षात घ्या. नदी तीच, रेल्वे तीच. भाऊ फक्त कोणापुढे काय ठेवायचं ते जाणतात.

आपण त्यांना कामाला लावतो घरासाठी, आणि ते कामाला लागतात आपल्यावर. याचं कारण स्वभावात शोधू नये, हिशोबात शोधावं. दलाली दोन्हीकडून एकेक टक्का धरा. घर लाखभर जास्तीला गेलं तर आपल्याला मिळतात नव्याण्णव हजार आणि भाऊंना दोन हजार. त्या दोन हजारांसाठी भाऊंनी आणखी दोन महिने स्प्लेंडरमध्ये पेट्रोल का जाळावं? त्यापेक्षा आपल्यालाच लाखभर खाली आणलं की उद्या सौदा. अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरांचे व्यवहार तपासून २००८ साली हेच छापलं. तिथले एजंट स्वतःचं घर विकताना ते जवळपास साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास जास्त भाव मिळवतात. बालाघाटला हे शिकागोहून कळायची गरज नव्हती. भाऊंचा स्वतःचा एक प्लॉट भटेऱ्याकडे विकाऊ आहे. त्याचा भाव त्यांनी रुपयाने खाली आणलेला नाही. त्यावर आता बोरीचं झाड आलंय.

मग येते पार्टी. गिऱ्हाईक हा शब्द भाऊ किराण्यासाठी वापरतात. घर घेणारी ती पार्टी, आणि ती तगडीच असते. तिचे तीन प्रकार. मलाजखंडची पार्टी म्हणजे हिंदुस्तान कॉपरमधून रिटायर होणारा गृहस्थ, ज्याला कंपनीचं क्वार्टर सोडायची तारीख आली आहे. भरवेलीची पार्टी मॉयलच्या मँगनीज खाणीतली. मुलीच्या लग्नाआधी स्वतःचं छप्पर हवं म्हणून निघालेली. या दोन्ही पार्ट्या हाडामांसाच्या. त्या नळ उघडून बघतात, भिंतीवर बोटाने टकटक करतात, शेजाऱ्याला विचारतात, आणि मग असा भाव सांगतात की काकू चहाचा दुसरा कप आत परत नेतात.

तिसरी गोंदियाची पार्टी. ती राइस मिलवाली आहे, नगद आहे, एका नजरेत घर घेते, आणि आजवर कोणी तिला पाहिलेलं नाही. तिचं येणं नेहमी परवावर असतं. श्राद्धपक्षात ती येत नाही, हे ठीक. दिवाळीत घरी पूजा. दिवाळीनंतर नवीन धान येतं, तेव्हा मिल सोडून कोण निघेल? मग खरमास लागतो. संक्रांत झाल्यावर तिची मोठी सून बाळंत होते. मलाजखंडचे साहेब भाव वाढवेनात की भाऊ त्यांच्यासमोर फोन काढून गोंदियाच्या पार्टीशी बोलतात: "नाही सेठ, थांबा, इथं साहेबांचा पहिला हक्क आहे." आपण आडून बसलो तर आपल्यासमोर तोच फोन: "सेठ, इतकं कमी काकाजी नाही देणार." आधी आपला, मग साहेबांचा रक्तदाब वाढवून ती पार्टी गोंदियातच राहते. माझं तर मत आहे की जिल्ह्यातले निम्मे सौदे तिनेच पार पाडले असतील. तिला दलालीतला वाटा मिळायला हवा होता.

इथपर्यंत हसून झालं. कागदपत्रांपाशी आलं की भाऊंची थट्टा थोडी आवरावी लागते, कारण तिथे तो माणूस खरंच राबतो. जुन्या वस्तीतलं घर असेल तर पहिला प्रश्न, मालकीचं की नजूलचं? नजूल म्हणजे सरकारी जागा, तीस वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली. पट्टा कधीच संपलेला असतो आणि नूतनीकरण राहिलेलं असतं, कारण ते बाबा करणार होते. बाबांच्या ट्रंकेतून मध्य प्रांत व वऱ्हाडच्या जमान्यातले कागद निघतात. तेव्हा राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, आणि आपला कारभार भोपाळकडे वळला. पुण्यातला धाकटा फोनवर म्हणतो, "दादा, सातबारा व्हॉट्सॲप कर ना." भाऊ शांतपणे सांगतात, "त्यांना म्हणा, सातबारा बावनथडीच्या पलीकडे राहून गेला जी. इथं खसरा आणि बी-१." मग आजोबांचं नाव कमी करून बाबांचं, बाबांचं कमी करून आपली सगळ्यांची, अशी फौती नामांतरणं. ज्या बाबूच्या खिडकीपुढे उभं राहून आपले पाय सुजतात, त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला भाऊ केक घेऊन गेलेले असतात.

भाऊंच्या कार्डावर एका कोपऱ्यात 'रेरा' छापलंय. लोक ते वाचून निर्धास्त होतात. २०१६ च्या त्या कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली ती बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतले फ्लॅट-प्लॉट विकण्यासाठी. आजोबांचं कवेलूचं घर कुठल्या प्रकल्पात बसत नाही. तेव्हा आपल्यापुरती भाऊंवर त्या कायद्याची सावलीही पडत नाही. आपल्या कामाचा कायदा जुना आहे, १८७२ चा करार कायदा, आणि तो फारच रसाळ. त्याच्या कलम २१५ खाली उदाहरण दिलंय: 'अ' ने आपली मालमत्ता विकायला 'ब' ला नेमलं, 'ब' ने ती 'क' च्या नावाने स्वतःच घेऊन टाकली. 'ब' ने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली असं दाखवता आलं, तर 'अ' ला तो व्यवहार नाकारता येतो. १८७२ साली बालाघाट जिल्हा जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि तरी कायदा लिहिणाऱ्या साहेबांना भाऊंचा मेहुणा ठाऊक होता! त्यांनी फक्त नाव छापायचं टाळलं. पार्टी फारच सज्जन असेल, घर न बघताच हो म्हणत असेल, तर ती भाऊंच्या सासुरवाडीची नाही ना, एवढं काकूंकडून विचारून घ्यावं. बायकांच्या हळदीकुंकवाला जी माहिती मिळते ती रजिस्ट्रारकडेही नसते.

पैशाच्या गोष्टीला भाऊ आवाज खाली आणतात. "गाइडलाइनच्या भावाने रजिस्ट्री, बाकी वरचं हातात." घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. हे आपण सांगितलं की भाऊ दयेने बघतात. "तुम्ही मास्तर होते ना काकाजी, म्हणून." आणि मग मुकाट्याने चेकचं ठरवतात. पार्टीला मात्र सांगतात, "मकान वहिनींच्या नावाने घ्या साहेब, नोंदणी शुल्कात सूट आहे." ती आहेच. कोणाचं काही वाचवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पण घर अडतं ते भावाभावांत. एक दादा बालाघाटात, धाकटा पुण्याला, बहीण रायपूरला. तिघांच्या सह्या हव्यात आणि तिघं बाबांच्या वर्षश्राद्धापासून बोलत नाहीत. अशा वेळी भाऊ जे करतात ते कुठल्याही कार्डावर छापलेलं नसतं. ते बहिणीला फोन करून आईच्या हातच्या आंबिलीची आठवण काढतात. धाकट्याला सांगतात की दादा रडत होते. दादांना सांगतात की धाकटा रडत होता. कोणी रडलेलं नसतं. तिघं एका दुपारी ओसरीवर बसतात, आणि भांडण निघतं ते घरावरून नाहीच, आजीच्या सागवानी कपाटावरून. ते बैहरच्या जंगलातल्या लाकडाचं आहे, त्याला पितळी कड्या आहेत, आणि आजीने ते तिघांनाही वेगवेगळं कबूल केलेलं आहे. संध्याकाळ होते. दिवे लागतात. शेवटी भाऊ उठतात. "कपाटाचं मागून पाहू जी. आधी घर." आणि तिघं मान डोलावतात. कुठल्याही वकिलाने या एका वाक्याचे पाच आकडी पैसे लावले असते.

रजिस्ट्रीचा दिवस पूर्वी स्टॅम्पपेपर, साक्षीदार आणि समोसे यांचा असे. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्यात संपदा २.० आलं, सगळं ऑनलाइन झालं, आणि आता मध्यस्थांची गरज उरली नाही असं लोक म्हणू लागले. भाऊंनीही पेपरात ते वाचलं. त्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले, कारण त्यांना ठाऊक होतं की दादांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा आहे आणि ते सिम कधीच बंद पडलंय. ओटीपी कुठे जातोय याचा शोध लावायला, नंबर बदलून आणायला, दादांना पाणी द्यायला आणि पार्टीला "पाच मिनिटं साहेब" म्हणायला अजून तरी पोर्टलवर बटण नाही. समोसे आहेतच.

आणि मग दलाली. दोन्हीकडून एकेक टक्का ठरलेली. पार्टीने तिथल्या तिथे दिली. मलाजखंडचे लोक हिशोबाला चोख. आपल्याकडे मात्र तीन वारस, आणि सहीसाठी एक झालेले तिघं दलालीच्या वेळी पुन्हा तीन झाले. धाकट्याने पुण्याहून त्याचा तिसरा हिस्सा फोनवरून पाठवला, तोही राउंड करून खाली. बहीण म्हणाली, दादांनी द्यायचं ठरलं होतं. दादा म्हणाले, भाव इतका पाडला त्याची दलाली कसली? गोंदियाची पार्टी तर जास्त देत होती, तुम्हीच सांगितलं होतं. भाऊ यावर काहीच बोलू शकले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ती पार्टी त्यांच्या विरोधात उभी राहिली होती.

बरेच दिवस काली पुतळी चौकातून दादांच्या नव्या भाड्याच्या घरापर्यंत स्प्लेंडर हेलपाटे घालत राहिली. शेवटी तडजोड झाली. बाकीच्या रकमेत भाऊंनी ते सागवानी कपाट उचलावं. तिघांपैकी कोणा एकाला मिळण्यापेक्षा ते बरं, यावर तिघांचं एकमत झालं. कपाट अजून जुन्याच घरात होतं, कारण दारातून ते निघत नव्हतं. आजोबांनी घर बांधताना ते आधी आत ठेवलं असावं. भाऊंनी टेप लावून पाहिला. चौकट तोडावी लागली असती. त्यांनी मलाजखंडच्या साहेबांना बाजूला घेतलं आणि पितळी कडीवरून हात फिरवला.

"साहेब, हे कपाट मी इथून हलवणारच होतो. पण गोंदियाची एक पार्टी आहे..."