आयते बीळ नको

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण ज्या कोणी प्रचारात आणली, त्याची आमच्या मेहुण्यांशी गाठ पडली असती तर त्याने ती तत्काळ मागे घेतली असती. कारण नागोबाला काय किंवा माणसाला काय, बीळ आयते मिळू देणे हे मेहुण्यांच्या तत्त्वातच बसत नाही. ते कृपण नव्हेत. पाहुण्याच्या पानात ते आग्रहाने तूप वाढतात, मंडळाच्या गणपतीला वर्गणी सढळ हाताने देतात. परंतु दुकानात तयार मिळणारी वस्तू छापील किमतीस मुकाट्याने विकत आणणे, याला ते आपल्या बुद्धीचा जाहीर पराभव समजतात. रत्नागिरीकडचे हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वी ओहायो राज्यात, कोलंबस शहरी स्थायिक झाले, तेव्हा हवा बदलली, चलन बदलले, पण दोरीचा तुकडा, रिकामा डबा आणि वाकडा खिळा यांस अभय देण्याची घराण्याची वहिवाट काही बदलली नाही. अभय मिळालेल्या या प्रजेने त्यांचे गराज व्यापले असून मोटार बारमाही अंगणात उभी असते.

गेल्या श्रावणात माझा मुक्काम त्यांच्याकडे असताना माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याने अजगर पाळण्याचा हट्ट धरला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी अजगर घरात ठेवणारा इसम गुन्हेगार ठरतो. तिकडे मात्र पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, जो भ्याला की अंगाचे वेटोळे करून डोके आत लपवतो आणि वाढून वाढून तीन-चार, फार तर पाच फूट होतो, तो पोरेटोरे सशासारखा पाळतात. ताईने 'देवघराच्या बाजूला आणायचा नाही' या एकाच अटीवर मंजुरी दिली. मेहुण्यांची सापाला हरकत नव्हतीच. हरकत होती ती पेटीला. चार फूट लांब, दोन फूट रुंद व तितकीच उंच अशी तयार पेटी साडेतीनशे डॉलरला पडते, हे ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढले, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलेले नव्हते.

"साडेतीनशे? मी इथे आलो तेव्हा खोलीचं भाडं याहून कमी होतं. आणि तीत आम्ही दोघं राहायचो!"

दुसऱ्याच शनिवारी त्यांनी एका गराज सेलमधून माशांची जुनी काचपेटी पंधरा डॉलरला पैदा केली. तीन फूट लांबीची ती पेटी एका कोपऱ्यात गळत असल्यामुळे माशांस निरुपयोगी होती. 'हातभर पिल्लाला सध्या एवढी पुष्कळ, आणि त्याला कुठे पोहायचंय?' हा त्यांचा कोटिक्रम होता. सापाला लपायला जागा दोन लागतात, एक उबेच्या बाजूस व एक गारव्याच्या. त्यासाठी श्रीखंडाचे दोन मोठे डबे पालथे घालून त्यांना दारे पाडण्याचे ठरले. नेमकी त्या दिवशी नागपंचमी निघाली. "आज घरात चिरणं-कापणं नाही," असे ताईने बजावल्यामुळे साक्षात नागाच्या घराचे काम नागाच्याच सन्मानार्थ एक दिवस तहकूब राहिले.

खरा जुलूम झाला तो पुढे. पेटीच्या तळाशी ओल धरणारा काथ्याचा भुसा पसरावा लागतो, आणि तो विटेच्या आकारात दाबून विकतात. ज्यांच्या सात पिढ्यांनी नारळाची सोडणे बंबात घालून अंघोळीचे पाणी तापवले, त्या पुरुषाने नारळाच्या भुशाला नऊ डॉलर मोजावेत! वीट पाण्यात घातल्यावर फुगून बादलीभर झाली तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

झाकणाच्या जाळीतून दमटपणा उडून जातो, म्हणून फुलके गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा कागद धुऊन, पुसून तीवर घातला. साप बोटभर फटीतूनही निसटतो म्हणून झाकणाला चाप लावतात. मेहुण्यांनी चापांची तजवीज नामंजूर करून झाकणावर आजेसासूबाईंचा वरवंटा ठेवला. साप आपल्या अंगची ऊब आपण निर्माण करू शकत नाही, सबब पेटीच्या एका टोकास ३२ अंश सेल्सियस व दुसऱ्या टोकास पाच-सहा अंशांनी कमी असे हवामान ठेवावे लागते, म्हणजे स्वारी आपल्या सोयीने इकडून तिकडे सरकते. तापणारी चटई त्यांनी आणली. तिला आवर घालणारा थर्मोस्टॅट मात्र चैनीच्या सदरात टाकला. तासाभराने त्यांनी भुशाखाली हात घातला आणि असा काही झटकन काढला, की थर्मोस्टॅट त्याच सायंकाळी घरात आला. सापाचा गृहप्रवेश अद्याप व्हायचा होता, हे त्याचे भाग्य.

पण ग्रह टळले नव्हते. तापमापक त्यांनी पेटीच्या आत चिकटपट्टीने डकवला होता. पिल्लू आले त्याच रात्री त्या पट्टीला चिकटले, आणि सुटण्यासाठी जो जो वळले तो तो अधिकच गुंतले. पहाटे मी पाहिले तो मेहुणे जमिनीवर मांडी घालून बसलेले, भाचा सापाचे डोके हलकेच धरून, आणि वाटीतले खोबरेल तेल कापसाच्या बोळ्याने एकेका खवल्याखाली जिरवीत, पट्टी तसूतसूने सोडवण्याचे काम चाललेले. दीड तास हा माणूस एक शब्द बोलला नाही. वाटी रिती झाली तेव्हा त्याने बाटलीतले उरलेले तेल, किती उरले ते न पाहता, सगळे ओतले.

परतण्यापूर्वी मी त्यांची जमाखर्चाची वही पाहिली. जळालेली चटई, नवे तापमापक, अखेर आणावे लागलेले चाप, सारे मिळून आकडा तीनशे एकाहत्तरवर गेला होता. मी काही बोलणार तोच त्यांनी वही मिटली.

"शिकलो किती, ते जमेला धर."

डिसेंबरात ताईचा फोन आला. ऑक्टोबर संपल्यापासून सापाने उंदराला तोंड लावले नव्हते. ही जात थंडीत कधी कधी महिनोन्महिने उपाशी राहते, व वजन टिकून असेल तर काळजीचे कारण नसते, असे भाच्याने वाचून दाखवले होते. मेहुण्यांनी वहीत जमेच्या बाजूस 'न खाल्लेले उंदीर, नग सहा' अशी नोंद केली, आणि हा प्राणी आपल्याच कुळातला असल्याचे मोठ्या अभिमानाने घरभर सांगितले. मात्र दर शनिवारी रात्री ताई निजली, की मोदकाची पिठी जोखण्याचा काटा गुपचूप गराजमध्ये जातो, श्रीखंडाच्या डब्यात घालून सापाचे वजन होते, आणि डब्याचे ग्रॅम त्यातून न विसरता वजा केले जातात.